उसने हात

४ मार्च
सून पुन्हा खाजवतेय. एका हाताने जेवते, दुसरा हात मांडीवर घासते. म्हटलं, "काय गं, पिसवा झाल्यात का?" म्हणाली, "घामोळं आहे, आई." घामोळं पाठीला येतं, बोटांच्या बेचक्यात नाही! पण सातवा महिना सरलाय तिचा, कशाला वाद?

७ मार्च
आता खोकलाही. संध्याकाळी कामावरून आली की छातीत शिट्टी वाजते. मी गादी उन्हात टाकली, उशा बडवल्या, कपाटामागची झुरळं काढली, साबण बदलला. शेजारचं मांजरही हाकललं. ते जाडीचं. ही शेजारीण सुनेबरोबरच कामाला आहे. लगेच दारात — "मांजराने तुमचं काय घोडं मारलंय, मावशी?" म्हटलं, "केस जातात त्याचे हिच्या छातीत." जाडी सुनेकडे बघून हसली. सुनेने मान फिरवली. दोघी काहीतरी लपवतायत. मी म्हातारी झालेय, आंधळी नाही.

८ मार्च
आज सुट्टी. दिवसभर शिट्टी नाही.

१२ मार्च
जाडीला खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलली.

हातमोज्यांचा कारखाना. चिनी मातीचे पंजे साखळीवर उलटे टांगलेले, ते रबराच्या चिकात बुडतात, भट्टीतून वाळून येतात, आणि या बायका पटापट मोजे सोलून काढतात. मोजे चिकटू नयेत म्हणून पांढरी पावडर. ती उडते, नाकातोंडात जाते. सून घरी येते ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. मी चेष्टा करायचे — "लग्नात एवढी गोरी नव्हतीस!"

तर कितीतरी जणींचे हात असेच पुरळाने उठलेत. आणि कारखान्याचा नियम असा की हात उठले की बाई लाइनीवरून खाली. घरी. म्हणून सगळ्या 'घामोळं' म्हणतात. दर महिन्याला नर्स हात बघते. बायकांच्या तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, दिसतात नुसते डोळे. नर्स बिल्ला बघते, हात बघते, कार्डावर लिहिते, पुढे सरक म्हणते. जाडीचे हात मात्र लोण्यासारखे. ती एकदा स्वतःच्या बिल्ल्याने जाते, मग मागे येऊन दुसरीचा बिल्ला लावून परत जाते. माझ्या सुनेचाही.

मी म्हटलं, "साखर उसनी घेतात, हात कसले घेता?"
जाडी म्हणाली, "मग तुम्ही घर चालवता का, मावशी?"

मुलाची कंबर ट्रकवर गेली. घरी बसून लोकांचे पंखे दुरुस्त करतो. चूल सुनेच्या जिवावर.

२ एप्रिल


कोपऱ्यावर नवं दुकान उघडलं, तिथून नातीने फुगा आणला. "आई, फुगवून दे!" सुनेने तोंडाला लावला. फुगा पुरता फुगला नाही, हिचे ओठ फुगले! बघता बघता डोळे मिटले. अंगभर चट्टे. श्वास ओढतेय आणि आत जात नाही. नात हसत होती, तिला वाटलं आई सोंग करतेय. मुलगा धावत कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सुई दिली, तेव्हा उतरलं.

कसली गादी आणि कसलं मांजर. रबर!

३ एप्रिल
"उद्यापासून जाऊ नकोस."
"बाळंतपणाची रजा लागेपर्यंत जाणार."
"तुझा जीव गेला म्हणजे?"
"नाही जात. नाकाला दुहेरी फडकं बांधते."
मुलगा पंखा उघडून बसला होता. स्क्रू शोधत राहिला. काल तिला धरून पळाला तो हाच का?

११ एप्रिल
जाडी मांजर घेऊन आली. म्हणाली, माफी मागा त्याची. मागितली. लई दिवसांनी सून हसली — आणि हसता हसता खोकली.

२६ एप्रिल
रजा लागली एकदाची. पण बाळंतपण कारखान्याच्याच दवाखान्यात. तिथे काही बोललं की कारखान्याला कळतं. सुनेने नातीला पुढ्यात ओढलं. "हिच्या डोक्यावर हात ठेवा आई, तिथे तोंड उघडणार नाही म्हणा." ठेवला. म्हटलं. केसांना तेल नव्हतं पोरीच्या. ते लावलं मग.

९ मे
मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत. बाकीचं उद्या.

१० मे
लिहूनच टाकते.

सुनेला टेबलावर घेतलं. मी दाराशी. डॉक्टरीण तरुण, केस आवळून बांधलेले. हातात मोजे चढवता चढवता तिने सुनेला विचारलं, "तू मोज्यांच्या लाइनीवरची ना? हाताला खाज? फुगा फुगवला की ओठ सुजतात?"

सून म्हणाली, "नाही."

कळा येत होत्या. घामाने निथळत होती. तरी 'नाही' कसं ठाम म्हणाली! नर्स म्हणाली, "कार्डावर हात स्वच्छ आहेत, मॅडम." डॉक्टरीण पुढे झाली.

मी ओरडले. "सुजतात! खोटं बोलतेय ती! मरता मरता वाचलीय!"

डॉक्टरीण तशीच थांबली. मोजे काढले, हात धुतले, खोलीतलं सगळं रबर बाहेर काढायला लावलं, प्लास्टिकचे मोजे मागवले. सून माझ्याकडे बघत होती. कळ आली तरी डोळे मिटले नाहीत तिने. माझ्या बापाने मारलं तेव्हा मी असं बघितलं होतं त्याच्याकडे.

नंतर डॉक्टरीण मला बाहेर घेऊन बसली. म्हणाली, "आजी, हात होतील बरे. पण रक्ताने रबराशी वैर धरलंय, ते नाही जायचं. पुन्हा त्या पावडरीत उभी राहिली तर पुढच्या वेळी सुईसुद्धा पोचायची नाही."

१९ मे
कारखान्यातून निरोप आला. सुनेला काढलं. कार्डावरचे हात कुणाचे, तेही निघालं. जाडी घरी बसली.

२३ मे
नळावर मला नंबर लावावा लागत नाही. मी गेले की कारखान्यातल्या सगळ्या बाजूला सरकतात. राणीसारखं पाणी भरून येते.

जाडीचं मांजर मात्र येतं. त्याला कुणी सांगितलं नसावं.

१ जून
सून बोलत नाही. नातीच्या तोंडून निरोप. "तुझ्या आजीला सांग, ताट वाढलंय." मी पण — "तुझ्या आईला सांग, धाकटी ओली आहे." नात कंटाळली. म्हणाली, "तुम्ही दोघी समोरासमोर तर बसल्यात!"

८ जून
आज बोलली. एकच.
"मेले असते तर जागा गेली नसती. मेलेलीची घरातल्या दुसऱ्या बाईला देतात."
म्हटलं, "आणि हिला अंगावर कुणी पाजलं असतं? मी?"
हसेल असं वाटलं होतं.

१७ जून
तिच्या बोटांची सालं निघून खालून नवी कातडी आली. नातीपेक्षा मऊ. धाकटीला तिने बाटलीची सवय लावायला घेतली. म्हटलं, एवढ्यात कशाला? तिने बाटली उकळायला ठेवली.

२४ जून
मुलाला पंखे मिळत नाहीत. जाडी धुणीभांडी शोधतेय. मला बघून मांजर उचलून आत घेतलं.

२९ जून
सून गेली. सकाळी उठले तर अंथरूण घडी केलेलं.

पुढच्या गावी कारखाना आहे. हातमोज्यांचाच. तिच्या धाकट्या बहिणीच्या नावावर लागली म्हणे. हात बघून लगेच घेतली.

मुलाकडे पत्ता मागितला. धाकटीला थोपटत राहिला. मग म्हणाला, "आई, तुला तेवढा देऊ नकोस म्हणाली."