हिरामावशीचा हात

३ फेब्रु., मंगळ.
बारामती. ओपीडीत आज कोण आलं, तर भिगवणची हिरामावशी कासारीण! दिवाळीत घसरून उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण अंगठा नि दोन बोटं बधिर. मला ओळखलंच नाही. आईचं नाव सांगितलं तेव्हा, "अगं बया, नलूची सुनी तू? डाक्टरीण झालीस व्हय!" डॉक्टर नाही, हाताचे व्यायाम घेते, हे सांगायचं सोडून दिलं.
बाजारच्या दिवशी आई तिच्यापुढं बसायची. मावशी पंजा दाबत गप्पा मारायची नि डझनभर बांगड्या कधी चढल्या कळायचंच नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. आज मावशीचा हात हातात घेतला नि आकड्याकडं लक्षच राहिलं नाही. पकड दोनदा मोजावी लागली.
पुढच्या गुरुवारी डाळजला नवरीचा चुडा भरायचाय. नवरीच्या आईलाही हिनंच भरलेला. "बांगडी वाढली तर त्वांड कुठं दावू? भरू का, तूच सांग." (फुटली हा शब्द तोंडातून काढत नाही.)

७ फेब्रु., शनि.
डोळे मिटून वस्तू ओळखायची चाचणी. किल्ली, नाणं, बटण, हरभरा. सगळं बरोबर! "भर बिनधास्त," म्हणून बसले. तिनं तिथूनच डाळजला फोन लावला.

९ फेब्रु., सोम.
गाढव मी. आज नीट पाहिलं. वस्तू उचलते, टेबलावर अलगद टेकवते, मग नाव सांगते. आवाजावरून! जन्मभर बांगड्या वाजवून तडा ओळखणारा कान तो. खाली टॉवेल टाकला. किल्लीला बटण म्हणाली. हरभरा बोटांतून पडला, तिला पत्ताच नाही.
"मावशी, ही फसवणूक झाली."
"फसवणूक कसली? कान बी माझाच हाय की!"
दोघी हसलो. मग मी खाली पडलेला हरभरा उचलला. आता डाळजचं काय...

११ फेब्रु., बुध.
उद्या चुडा. दुपारी मावशी बांगड्यांचा डबा घेऊन ओपीडीच्या दारात. "हात दे. तुज्या त्या टावेलावर माजा इश्वास न्हाय." कामामुळं कितीतरी वर्षं बांगडी घातलेली नाही. खुर्च्या सोडून खाली बसलो. पंजा दाबून म्हणाली, "नलूचाच हात ह्यो." बरं वाटलं. फार बरं वाटलं.
पाच चढल्या. सहावी अंगठ्याच्या हाडावर अडली. मावशी दाबतच राहिली, तिला कळेचना. शेवटी चढली, पण माझ्या डोळ्यांत पाणी.
"दुखलं का गं?"
नाही म्हणणार होते. तोंडावर आलंही होतं.
"दुखलं, मावशी. लई."
तिनं हात सोडला. "बरं झालं बोललीस. दोन दिस आळीतल्या बायकांच्या हातावर भरून बगितलं. समद्या 'न्हाय दुखत' म्हणत व्हत्या."
डबा बांधून उठली. उद्या डाळजला जाणार का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.