भरावाचा डंपर परत का गेला

पडघा, बुधवार

चि. हिरामण यास,

थोरल्या बहिणीचे, म्हणजे कमळताईचे, पोटभर आशीर्वाद. भावजयीच्या गुडघ्यांना वज्रेश्वरीच्या कुंडांनी उतार पडला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू मधेच बोलतोस.

सोमवारी माझ्या हक्कसोडीच्या सहीसाठी तू रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात तीन तास बसलास. त्याच दिवशी आपलं कोन गावातलं तळं बुजवून गोडाऊन उभारायला मागवलेला भराव डंपरमधून तसाच परत गेला. याचा राग तू डंपरवाल्या इक्बालवर काढलास म्हणे. त्या बिचाऱ्याला बोलू नकोस. दोन्ही प्रताप माझे.

झालं असं की ऋतिकाच्या (माझी नात, यंदा पाचवीत) शाळेत क्षितिजाताई नावाच्या चित्रकार बाई आल्या होत्या. त्या खाडीकाठच्या जिवांची पुस्तकं काढतात आणि प्रत्येक चित्राखाली आपण गावात म्हणतो तेच नाव लिहितात. बगळ्याला ढोकरी, चिखलातल्या माशाला निवटी, काठच्या गवताला पाणकणीस. हिरामण, माझी साठी उलटली, पण आईच्या तोंडचा शब्द छापलेला मी पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांत पाणीच आलं. (निवटीचे डोळे असे बटबटीत काढलेत की लगेच तुझी आठवण झाली.) तरी मला चूक सापडलीच. त्यांची ढोकरी सुक्या दगडावर उभी! मी भर सभेत उठून सांगितलं, "बाय, आमची ढोकरी चिखलान उभी र्‍हाते." बाई रागावल्या नाहीत, उलट दाखवाल का म्हणाल्या. आता एवढ्या मोठ्या बाईला नाही कसं म्हणायचं? आणि त्यांना सवड होती ती नेमकी सोमवारीच.

तळ्यावर ढोकरी होती, आईच्या वेळी असायची त्याच कोपऱ्यात. बाई हरखून पुढे सरल्या आणि कमरेपर्यंत रुतल्या. मी पदर टाकायला गेले, तर मीही गुडघाभर आत. (मला चिखलाची सवय आहे, असं मी वाटभर सांगत आले होते.) तेवढ्यात इक्बाल डंपर घेऊन आला. "मौसी, हिलो मत!" असं ओरडत त्याने दोर टाकला, आधी बाईंना ओढलं, मग मला. बाहेर आल्यावर बाईंनी पहिली चौकशी वहीची केली. वही कोरडी होती, कारण ती मी डोक्यावर धरली होती. मग त्या माखलेल्या अंगानं डंपरच्या सावलीत बसल्या आणि तीन तास चित्र काढत राहिल्या. आवाज झाला तर ढोकरी उडेल, असं मी इक्बालला बजावलं. आता भराव काही कुणी गुपचूप ओतू शकत नाही. त्याची शिफ्ट तिथेच संपली, आणि शेवटी तोच बाईंना बोट दाखवून सांगत होता, "वो देखो, दुसरी आयी!"

असं मन लावून काम करणारं माणूस मी फार दिवसांनी पाहिलं. ज्याचं नाव घ्यायचं त्याच्याकडे आधी नीट बघायचं, एवढंच त्या करतात. मला त्या फार आवडल्या.

पोरांना पापा, भावजयीला आशीर्वाद.

तुझी,
कमळताई

ता. क. सही मी करणार नाही. रस्त्याकडच्या शेतावरचा हक्क हसत सोडला, तळ्यावरचा सोडत नाही.

ता. क. दुसरा. आपलं भांडण मी बाईंना सांगितलेलं नाही. तळं कोणाचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, माझ्या भावानं राखलंय. ते आता पुस्तकात छापून येणार आहे, तुझ्या पूर्ण नावानिशी. मला खोटं पाडू नकोस. चित्राची प्रत माझ्याकडे आहे. काठावर पाठमोरी बाई निवट्या धरतेय, ती मी सांगितलेली आई. शेजारी उघडंनागडं पोर आहे, त्याच्या खालीच तुझं नाव येतंय. बघायला ये. येताना कागद आणू नकोस, मूठभर निवट्या आण. कुठे मिळतात ते तुला ठाऊक आहे.