फक्त काजबटणं राहिलीत

१४ डिसेंबर

लेक सुट्टीला येऊन चार तास झाले नाहीत तोवर फ्रिजवर नियमांचा कागद! यंदाची सुट्टी शांत, निरोगी आणि कचरा न करता. चकचकीत कागद नाही, प्लास्टिकच्या माळा नाहीत, साखर निम्मी, आणि रोज सकाळी सगळ्यांनी दहा मिनिटं गप्प बसायचं. हे म्हणाले, "तुझी आई? दहा मिनिटं?" आणि इतके हसले की ठसका लागून चहा सांडला. निम्म्या साखरेचा होता, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही.

कमाल म्हणजे गल्लीनेही तिचं ऐकलंय. तीस तारखेला आमच्या गल्लीचा कार्यक्रम असतो, तो यंदा स्पीकर न लावता. नुसत्या गळ्याने गाणी, घरचं खाणं, साडेआठला जो तो आपापल्या घरी. समोरचे घड्याळदुरुस्तीवाले — त्यांना सगळे घड्याळजीच म्हणतात — म्हणाले, "चला, यंदा दुसऱ्या दिवशी मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईल."

सजावट माझ्याकडे. शिंपीणबाई, तुमच्याकडे चिंध्या भरपूर! असं सगळ्यांचं म्हणणं. चिंध्या म्हणे.

१५ डिसेंबर

गप्प बसले. तिसऱ्या मिनिटाला डोक्यात आलं — मागचा दांडा!

दुकानात मागे एक दांडा आहे, लोकांनी शिवायला टाकले आणि न्यायला विसरले त्या कपड्यांचा. भिंतीवर पाटी आहे, तीन महिन्यांनंतर कपड्याची जबाबदारी नाही. वीस वर्षं ती पाटी आहे आणि वीस वर्षांत मी एका रुमालालासुद्धा कात्री लावलेली नाही. एक करडी विजार तर इतकी जुनी आहे की ती मला घरातलीच वाटते. पण यंदा नियम म्हणजे नियम. नवं कापड आणायचं नाही. मग हे लटकतंय ते काय कामाचं?

१६ डिसेंबर

कापल्या! छत्तीस पताका. दांड्यावर एक मोरपंखी रंगाचा लांब झगा होता, पायघोळ, रेशमी, घेर असा की त्यात दोन माणसं मावतील. चिठ्ठीवर गाण्याच्या बाईंचं नाव, सात वर्षांपूर्वीची तारीख, "कमरेत सैल करणे". सात वर्षं! बाई विसरल्याच असणार. दातेरी कात्रीने कापलं, म्हणजे दोरे सुटायला नकोत. बोटभरही कापड वाया घालवलं नाही. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

१८ डिसेंबर

हे शिडीवर, लेक खाली, मी दारातून हुकूम सोडायला. पताका लागल्या. ऊन पडलं की गल्ली अशी झळकते! घड्याळजी चक्क बाहेर येऊन बघत उभे राहिले. यांनी शिडीवरून उतरताना खिशातून गोळी काढून तोंडात टाकली. लेकीने पाहिली. गोळी खोकल्याची आहे म्हणाले. खोकला काही ऐकू आला नाही.

१९ डिसेंबर

मेले.

दुपारी गाण्याच्या बाई आल्या. त्यांनी आमच्या लेकीला शाळेत गाणं शिकवलं, अर्ध्या गल्लीला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्या गायल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात गळा बरा आहे, गा. बाई गात नाहीत. लेक आल्या दिवसापासून त्यांच्या मागे लागलीय. यंदा स्पीकर नाही, कुणी ओरडणार नाही, तुमचा हळू आवाजसुद्धा पोचेल, दोन कडवी गा. त्यासाठीच तर तिचा हा सगळा शांततेचा खटाटोप आहे, हे मला आज कळलं! मला वाटत होतं, माझ्या तोंडाला कुलूप लावायला आहे.

बाई बराच वेळ बाहेरच उभ्या होत्या. आत येऊन म्हणाल्या, "गल्ली छान सजवलीत." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "हे बघ, सात वर्षांपूर्वी आईकडे माझा एक मोरपंखी ड्रेस टाकलाय. तो घालून मी शेवटची मोठी मैफल केली होती. तो मिळाला तर गाते. नाही तर मला पुन्हा विचारायचं नाही."

आणि मी काय म्हणाले? पंचवीस वर्षं जे प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत आलेय, तेच. जिभेला हाड नाही, ती आपोआप बोलली —

"तयारच आहे बाई. फक्त काजबटणं राहिलीत."

त्या झग्याला बटणं नव्हतीच. नुसता बांधायचा बंद होता!

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "खरंच? काही झालं असेल तर सांगा हं. मला चालेल."

किती भल्या आहेत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

२० डिसेंबर

काल रात्रीच लेकीला सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग लाल. "आई, दोन वर्षांत पहिल्यांदा बाई हो म्हणाल्यात! आणि तो ड्रेस आपण वायरला टांगलाय!" दहा मिनिटं कुणी गप्प बसलं नाही.

उजाडायच्या आत हे शिडी घेऊन गेले. शेजारीपाजारी विचारायला लागले, पताका का काढल्या? यांनी ठोकून दिलं, धुवायला. दोन दिवस टांगलेलं कापड धुवायला! माझ्यामुळे घराची अब्रू गेली नाही तर यांच्यामुळे जाईल.

बदली पताका यांच्या जुन्या पायजम्यांच्या केल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या. घड्याळजी म्हणाले, आता गल्ली झोपायला निघाल्यासारखी दिसते.

२१ डिसेंबर

मोजल्या. तेहतीस. तीन गेल्या! एक दूधवाल्याच्या सायकलच्या सीटवर सापडली, त्याने चांगली घट्ट बांधली होती, वर म्हणाला, मऊ लागते. एक वाऱ्याने गटारात. तिसरीचा पत्ता नाही. सीटवरची धरून चौतीस.

२२ डिसेंबर

त्रिकोण एक वर, एक खाली असे जोडले की सरळ पट्टी होते. अशा पट्ट्या एकाखाली एक. पण दातेरी कडा आत घ्यायच्या म्हणजे प्रत्येक शिवणीत बोटभर कापड जातं. इंची टेप, खडू, आकडेमोड. कितीही मांडलं तरी कमरेला चार इंच कमीच. बाईंचं जुनं माप घेऊन बसलेय आणि रडू येतंय. लेकीचा शांतपणाही संपलाय, ती टाचण्या डब्यात आपटते.

२३ डिसेंबर

बाईंना मापाला बोलावलं. काजबटणांसाठी कंबर कशाला मोजायची, असं त्यांनी विचारलं असतं तर काय सांगणार होते देव जाणे. त्यांनी विचारलंच नाही. हात वर करून निमूट उभ्या राहिल्या.

किती वाळल्यात. टेप कमरेभोवती फिरवली. जुन्या मापाहून साडेपाच इंच कमी. म्हणजे कापड पुरतंय! एकाच क्षणी आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. हे कुणाला सांगू? म्हणून इथे लिहितेय.

जाताना पुन्हा म्हणाल्या, "दगदग करू नका. नाही जमलं तर एक शब्द सांगा. मी अजिबात रागावणार नाही."

तीनदा आलं होतं ओठावर. सांगून टाकावं, बाई, मी कापला. पण मग त्या गाणार नाहीत. लेक म्हणते, आत्ता नाही गायल्या तर कधीच नाही. मूग गिळून बसले.

२५ डिसेंबर

पायमशीन आणि मी. जेवण यांनी केलं. उकडलेलं सगळं. निरोगी होतं.

२७ डिसेंबर

अस्तर जुन्या चादरीचं. नवं आणायचं नाही ना! सांधे आतून हाताने घातले, बोटांची चाळण झाली. यांनी नुसत्या सुया ओवून दिल्या, दिवसभर, चष्मा लावून. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एवढा वेळ शेजारी बसून आम्ही कधी काही केलं नव्हतं. मधे एकदा खिशातली गोळी काढून निम्मी मला दिली. खाल्ली. साखर निम्मी, नियम पाळला.

२९ डिसेंबर

नेऊन दिला. इस्त्री करून, घडी घालून, जुन्या उशीच्या अभ्र्यात. बाईंनी उलगडला. सांध्यांवरून बोटं फिरवली, एक, दोन, तीन... मला वाटलं, आता विचारणार. सांगायची तयारीही ठेवली होती.

खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दिलात म्हणायचा." चेहरा अगदी उतरलेला. मी म्हटलं, आवडला नाही का? "तसं नाही," एवढंच.

घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. इतकं करून बाईंना नकोच वाटला तो.

३० डिसेंबर

गायल्या!

साडेसहाला. पायजम्यांच्या पताकांखाली, मोरपंखी झग्यात, खुर्चीवर बसून. पहिल्या कडव्याला आवाज इतका कापत होता की मी लेकीचा हात दाबून धरला. तिची नखं माझ्या तळव्यात. मधे एकदा थांबल्या. कुणी काही बोललं नाही, मुलंसुद्धा. मग पुन्हा सुरू केलं, खालच्या पट्टीत. दुसरं कडवं सरळ गेलं. तिसरं ठरलं नव्हतं, तेही गायल्या. आवाज पूर्वीचा नाही. जाडसर झालाय, गावठी सुतासारखा. मला हाच जास्त आवडला. घड्याळजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

साडेआठला जो तो आपापल्या घरी.

३१ डिसेंबर

सकाळी बाई आल्या. हातात एक मोरपंखी पताका. छत्तिसावी! त्यांच्या कुंपणावर उडून आली होती म्हणे, अठरा तारखेलाच.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ड्रेस उरला नाही याची खात्री करून मगच तो मागायला आले होते. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी सुटले असते."