छप्पर उतरवलेली कोठी

अल खर्ज, सौदी अरेबिया

कादिरभाऊ, तुला सलाम, पोरांना दुआ.

माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तिकडेही कुरकुरायचाच. माझा नौशाद नोकरी करतो त्या डेअरीत गाईंना पंखे नि फवारे आहेत, माणसांपेक्षा जास्त लाड.

आपल्या जुन्या घरात कोणी राहत नाही म्हणून कौलं-वासे विकतो म्हणालास. आता ऐक.

नौशादचा साहेब डेक्लन आयर्लंडचा. काल जेवायला आला, त्याचं बोलणं नात अरवाने मराठीत सांगितलं. त्याच्या गावात जमीनदाराची कोठी होती. आजाने बांधली, बापाने पैसा उधळला, नातू परदेशात बसला. बिनछपराच्या घराला तिथे घरपट्टी लागत नसे, म्हणून ती वाचवायला त्या शहाण्याने छप्परच उतरवलं. पावसाने आत झाडं वाढली. मग डेक्लनच्या आजाने, जो त्या जमीनदाराचीच जमीन कसणारं कूळ होता, कोठी विकत घेतली आणि नाचायच्या दालनात गाई बांधल्या. आता डेक्लनच्या बहिणीने नुसत्या स्वयंपाकघरावर छप्पर घातलंय आणि तिथे राहते. यंदा दुसऱ्या खोलीवर घालणार.

तेव्हा कौलांना हात लावू नकोस. पावसाआधी निदान चुलीच्या खोलीची शाकारणी कर. मी मे महिन्यात येतेय, तिकीट काढलंय.

तुझ्या बायकोचा खोकला थांबला का?

आल्यावर तिथे छप्पर दिसलं नाही, तर मी तुझ्या घरी राहीन. कायमची.

तुझी मोठी बहीण,
खतीजा