कराव्याला न पोचलेलं रीळ

करंजा, उरण
मंगळवार, ता. ११ एप्रिल १९६१

सखूवहिनींस बाळारामचा नमस्कार.

मी इथे बरा आहे. तुम्ही, तुमच्या सासूबाई धोंडूबाई आणि तुमची ती एका डोळ्याची कोंबडी बऱ्या असाल. नावाच्या आधी 'सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं. कागदावर शाईचा डाग दिसतो आहे तो त्याचाच. का खोडलं ते पुढे येईल.

तुम्ही चौथीपर्यंत शिकलात असं म्हणाला होता, म्हणून हे तुम्हालाच लिहितो. माझं स्वतःचं शिक्षण पाचवीत सुटलं. शाळेच्या दारावरून एक अस्वलवाला चालला होता, त्याच्या मागे गेलो तो गेलोच. तेव्हा अक्षर लागलं नाही तर थांबून पुन्हा वाचा, पण मास्तरांकडे नेऊ नका. तुमचा दीर नामा, त्यालाही तुमचं वाचून झाल्यावरच द्या.

परवा मोऱ्याच्या धक्क्यावर नामा भेटला. मासळी उतरवत होता. मला बघून हातातली टोपली खाली ठेवली आणि मिठीच मारली. म्हणाला, "बाळाराम, तुजे उपकार हाईत. वयनीनं शिरवन्याच्या देवजीला नाय म्हनून सांगितलं. आयनं सोता जमवलेला पाट, दुसरं लगीन, पन वयनी बोलली, माजा मानूस जिता हाय तं पाट कसला?"

मी विचारलं, देवजी काय म्हणाला?

"तो भला मानूस. मिठागरावर उभ्या उभ्या बोलला, वैशाखी पुनवेपर्यंत थांबतो. मंग त्याची बहीन दुसरीकडं बघनार. पन आता काय त्याचं! वयनी पुनवेच्या आदी रेवसला येतेय तुज्यासंगती, दादाला आनायला. आयनं चिवड्याचा डबा पन भरला."

हा चिवडा ऐकला आणि मी कागद-शाई विकत आणली.

आता सिनेमाचं सांगतो. तुम्हाला वाटेल हा भलतीकडेच चालला. नाही. तिथूनच सुरुवात आहे.

चांगदेवशेटचे तंबू दोन, एक कराव्याला, एक शिरवण्याला, आणि सिनेमाची प्रत एकच. ही गोष्ट शेट कुणाला सांगत नाही. शिरवण्याचा खेळ आधी सुरू व्हायचा. तिथे एक रीळ संपलं की ते डब्यात घालून मी सायकलवरून बांधाबांधाने कराव्याला आणायचो, ते देऊन उलटा पळायचो. एका खेळाला असे सहा हेलपाटे. दोन्ही गावांत सिनेमा एकाच दिवशी, आणि मध्ये माझे पाय.

त्या दिवशी शेवटचं रीळ घेऊन निघालो तर खाडीकाठी एक मचवा चिखलात रुतलेला. ओहोटी लागलेली, आठ-दहा माणसं ढकलत होती, एक म्हातारा नुसत्याच शिव्या देत होता. असं काही दिसलं की माझी सायकल आपोआप उभी राहते. मीही गुडघाभर चिखलात उतरून ढकलायला लागलो. मचवा निघाला, सगळे ओरडले, मीही ओरडलो. तंबूत पोचलो तेव्हा लोक घरी निघाले होते. शेटने काचेवर लिहिलेलं 'समाप्त' पडद्यावर दाखवून टाकलं होतं. मला म्हणाला, "लोक खूश आहेत. तू तोंड उघडायचं नाही."

म्हणून त्या रात्री कराव्याने एवढंच पाहिलं: बोट बुडते, नवरा जातो, तीन वर्षांनी परत येतो, त्याला काही म्हणजे काहीच आठवत नाही. बायको त्याला ओळखते, हाताने भरवते, दोघं गाणं म्हणतात. समाप्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी मागायला तुमच्या ओट्यावर आलो. तुम्ही बोंबील वाळत घालत होता. पाणी देताना म्हणालात, "काल शिनेमा बगला. असं होतं काय रं, मानूस सगलं इसरतो?" मी म्हटलं होतं, होतं की, पुष्कळदा होतं. मला काय ठाऊक! पण विचारलंत की उत्तर द्यायची मला सवय आहे.

मग तुम्ही कान्हाचं सांगितलंत. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी होडी उलटली, दोघे पोहून आले, कान्हा नाही आला. धोंडूबाई आतून म्हणाल्या, "तीन वर्सं झाली पोरी. आता वाट पुरे झाली." तुम्ही उजवा हात पुढे केलात. मोकळं मनगट. डाव्या हातात हिरवा चुडा आणि उजव्यात काही नाही. मी घाटावरचा माणूस, मला वाटलं फुटल्या असतील. तर तुम्ही म्हणालात, "लग्नातच या हातीच्या बांगड्या दर्याला दिल्या, त्यानं माज्या मानसाला राखावं म्हनून. एकदा घेतलं त्यानं. दर्या दोनदा घेत नाय."

आणि मग मला विचारलंत, "तू गावोगाव फिरतस. गल्यात चांदीचा ताईत, त्याचं टोपन एका बाजूनं चेपलेलं, असा मानूस कुटं बगलास?"

मी म्हणालो, बघितला. रेवसला. जिवंत आहे, पण त्याला काही आठवत नाही.

तुमच्या हातातला बोंबील खाली पडला आणि ती कोंबडी तो घेऊन पळाली. तुम्ही हसलात आणि रडलात, दोन्ही एकदम. धोंडूबाई उंबऱ्यात येऊन बसल्या. मला कुणी असं कधीच पाहिलं नव्हतं, वहिनी. मी जातो तेव्हा लोक 'गेला' म्हणतात, येतो तेव्हा 'आला परत' म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारलं, परत कधी येशील?

म्हणून आलो. दोनदा आलो. एकदा सांगितलं की तो जाळी विणतो, गावातली माणसं त्याला सांभाळतात. दुसऱ्यांदा सांगितलं की समुद्राकडे बघून गप्प बसतो, आणि सुकटीचा वास आला की चेहरा बदलतो. हे सगळं त्या सिनेमातलं होतं, सुकट तेवढी माझी. तुम्ही मला भाकऱ्या बांधून दिल्यात त्याला द्यायला. सुकटीची चटणी दिलीत. निळ्या रेघांचा त्याचा सदरा धुऊन, घडी घालून दिलात. भाकऱ्या मी पुलाखाली बसून खाल्ल्या. सदरा आत्ता माझ्या अंगात आहे. हे लिहितानाही आहे.

शेवटचं रीळ मी शिरवण्याला वीसेक वेळा पाहिलं आहे. त्यात असं आहे की परत आलेला तो माणूस नवरा नसतोच. नवरा त्याच बोटीत मेलेला असतो. मरताना त्याने आपल्या घराचं सगळं याला सांगितलेलं असतं, आणि हा त्याच्या जागी येऊन बसतो. त्याचं काही हरवलेलं नसतं, सगळं आठवत असतं. शेवटी बायकोला कळतं. ती ओरडत नाही. त्याच्यासमोरचं ताट उचलते आणि आत जाते. 

ते रीळ वेळेवर आलं असतं तर तुम्ही मला तो प्रश्न विचारलाच नसता. असं मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. सगळा दोष मचव्यावर घालत होतो. पण मचव्याचा दोष नाही.

ताईत मी खरंच पाहिला होता, वहिनी.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी इथेच, करंजाला, एका चहाच्या दुकानात कपबशा धूत होतो. गोपाळकाला होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी किनाऱ्याला एक माणूस लागला. बरेच दिवस पाण्यात होता, चेहरा राहिला नव्हता. गावातले लोक पोलीस पाटलाला बोलवायला गेले आणि मला म्हणाले, तू इथे थांब, कुत्री येऊ देऊ नकोस. मी थांबलो. गळ्यात काळा दोरा होता. दोऱ्यात ताईत होता.

मी तो काढून घेतला. विकायला नाही. का घेतला ते मला आजही सांगता येणार नाही. चमकत होता म्हणून असेल. माझ्या गळ्यात कुणी कधी काही बांधलं नव्हतं.

पाटील आले, त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, ओळख पटेल अशी वस्तू नाही. मी शेजारी उभा होतो, ऐकत होतो. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याला, करवंदीच्या जाळीजवळ लोकांनी त्या माणसाला पुरलं. मीही माती लोटली. डोक्याकडे एक पांढरा धोंडा ठेवला, तो माझा.

तुम्ही ओट्यावर ताईत सांगत होता ना, टोपण एका बाजूने चेपलेलं, आणि पुढे म्हणालात, "लाख बसंना म्हनून मीच दातानं दाबलं होतं," तेव्हा तो ताईत माझ्या सदऱ्याच्या आत, माझ्या गळ्यात होता. तुमच्यापासून दोन हातांवर. मी गुंडी लावली. तुम्हाला वाटलं असेल मला थंडी वाजते.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो ते खोटं बोललो.

दर्या दोनदा घेत नाही म्हणालात ते बरोबर होतं, वहिनी. त्याने तुमच्या माणसाला परत आणून दिलं होतं, ओळखीसकट. ओळख मी काढून घेतली. तुमची तीन वर्षं मी घेतली आहेत आणि आता चौथ्यालाही हात घातला होता.

ताईत या पाकिटात आहे. दोरा बदललेला नाही. टोपणाला दात लावून बघा, खूण जुळेल.

सदरा धुऊन पाठवावा असं मनात होतं, पण माझ्या अंगावरून उतरलेला तुम्हाला चालेल का, कळत नाही. तो इथे ठेवतो. तुम्ही सांगाल तसं.

रेवसला जाऊ नका. तिथे कुणी नाही. यायचं असेल तर इथे या, धोंडूबाईंना आणि नामाला घेऊन. जागा मी दाखवतो. नामा मला मारेल, त्याला अडवू नका. चांगदेवशेटचा तंबू उद्या पनवेलला हलतो आहे, मी त्याच्याबरोबर जात नाही. पुनवेपर्यंत करंजातच आहे, तुम्ही आलात नाही आलात तरी. एवढे दिवस एका ठिकाणी थांबायची ही माझी पहिलीच खेप.

आणि देवजीला निरोप पाठवा. तो उभ्या उभ्या थांबतो म्हणाला, तो खरंच थांबला आहे. मी काल सोमवारी शिरवण्याला मुद्दाम जाऊन आलो. मिठाच्या राशीपाशी काम करत होता, त्याने मला ओळखलं नाही, पाणी मात्र दिलं.

पाकिटावर नुसतं तुमचं नाव लिहितो आहे. 'सौ.' माझ्या हातचं खोटं होतं म्हणून खोडलं, आणि विधवेच्या नावाआधी जे लिहितात ते लिहायला हात धजत नाही. वैशाखात ती जागा भरा. तेव्हा ते 'सौ.' खरं असेल, आणि लिहिणारा मी नसेन.

धोंडूबाईंच्या पाया पडतो, लांबूनच.

तुमचा कुणीच नसलेला,
बाळाराम
पांढऱ्या धोंड्याजवळ, करंजा