आमचे गाइड

अण्णा, परवा मी जैसलमेरला जाऊन आले. तुम्हाला हे जग सोडून एकवीस वर्षं झाली आणि तुम्ही, आई अन् मी तिथं गेलो होतो त्याला तर चाळीस होत आली, पण गावात शिरल्या शिरल्या पहिली आठवण आली ती तुमच्या छत्रीची. वाळवंटात छत्री घेऊन आलेला माणूस त्या गावानं तुमच्या आधी पाहिला नसेल आणि नंतरही नाही. ट्रंक भरताना आई म्हणाली होती, "तिथं पाऊस पडत नाय म्हणं, मग ही कशाला?" आणि तुम्ही म्हणाला होता, "हातात काही नसलं की मला बोलता येत नाय." त्यावर आई म्हणाली, "मग चार दिवस गप बसा की." तुम्ही छत्री घेतलीच. आईचं ऐकलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आपल्या घरात सुट्टी म्हणजे तुमचा हंगाम. दिवाळी लागली की वर्गातल्या पोरी मामाच्या गावाला जायच्या, एखादी मुंबई बघून यायची, आणि तुम्ही फडक्यात भाकरी बांधून दौलताबादच्या किल्ल्याच्या दरवाजाशी उभे. घर किल्ल्याच्या पायथ्याशी, धंदा किल्ल्यावर, शेत किल्ल्याच्या सावलीत. जगभरातले लोक आपल्या दारावरून जायचे आणि आपण कुठंच जायचो नाही. एकदा मी रुसून म्हणाले होते, "सगळे आपलं गाव बघायला येतात, आपण कुणाचं गाव बघायला जात नाही." तुम्ही नुसतं "व्हय, ते खरंय" म्हणालात आणि विड्याचं पान चघळत बसलात. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, किल्ल्यावर पाय ठेवायला जागा नसताना, तुम्ही आपले पाहुणे दुसऱ्या गाइडच्या हवाली केले आणि आम्हाला घेऊन मनमाडच्या गाडीत बसलात. जैसलमेरच का, तर तिकडच्या एका पाहुण्यानं तुम्हाला कधीतरी म्हटलं होतं, आमचाही किल्ला बघायला या. पर्यटकाचं असलं बोलणं कुणी मनावर घेत नाही. तुम्ही घेतलं. हंगाम सोडून जाणं तुमच्यासाठी किती जड होतं हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझा हट्ट पुरवायला इतके दिवस लावले.

तुम्हाला किल्ल्यावर काम करताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं. तुम्ही पाहुण्यांकडं तोंड करून उलटे चालायचात. चढावर, पायऱ्यांवर, कडेला दरी असली तरी उलटेच, आणि छत्री अशी उंच धरलेली की मागच्या माणसालाही दिसावी. प्रत्येक वळणावर माणसं मोजायची. अंधारी आली, म्हणजे तो डोंगराच्या पोटातला काळोखा रस्ता आला, की मशाल बाजूला करायला लावायची आणि म्हणायचं, "अब मेरी आवाज़ पकड़ के आइए." आणि शहरातली मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी तुमच्या आवाजामागं यायची. गावात मला त्याचा अभिमान होता. गावाबाहेर तो टिकला नाही, एवढीच काय ती गोष्ट.

त्या गाडीतच मला पुण्याची एक मुलगी भेटली होती, माझ्याच वयाची, दहा वर्षांची. तिचे वडील बँकेत होते, तिच्याकडं गुलाबी स्वेटर होता आणि ती "मी आलेय", "मी गेलेय" असं बोलायची. तिनं विचारलं, तुझे बाबा काय करतात? मी म्हणाले, ऑफिसात असतात. कुठलं ऑफिस ते तिनं विचारलं नाही म्हणून वाचले. ती मंडळी आपल्याच धर्मशाळेत उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर सगळं गाव लोटलेलं. पिवळ्या दगडावर ऊन पडलंय, कळसूत्री बाहुल्या दोरीला टांगून नाचतायत, कुणी सारंगीसारखं काहीतरी वाजवतंय, उंटाच्या गळ्यातल्या घंटा, आरशांच्या ओढण्या. आई किल्ल्यातल्या देवळात रांगेला गेली. मी त्या मुलीबरोबर बांगड्या बघत उभी आहे. आणि मागून तुमचा आवाज येतो.

छत्री वर. तुम्ही उलटे चालताय. तुमच्यामागं सात-आठ अनोळखी माणसं. पुढं कळलं ते असं की कुणीतरी छत्री बघून तुम्हाला गाइड समजलं, काहीतरी विचारलं, आणि तुमच्यानं राहवलं नाही. जैसलमेरबद्दल तुम्हाला काडीची माहिती नव्हती. पण दरवाजाला वळण का दिलंय, हत्तीला धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून, तटावर गोल दगड का रचून ठेवलेत, खाली लोटायला, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. किल्ला कुठलाही असो, तुम्हाला तो वाचता यायचा. लोक माना डोलावत होते. तेवढ्यात तिथला एक गाइड गर्दीतून आला. "कौन हो आप? लाइसेंस दिखाइए. हमारी रोज़ी पर क्यों आते हो?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "नहीं भाई, मैं तो घूमने आया हूँ, बच्ची को लेके." आणि माझ्याकडं बघितलंत.

पुण्याच्या मुलीनंही माझ्याकडं बघितलं. "ते तुझे बाबा आहेत?"

मी म्हणाले, "नाही. ते आमचे गाइड आहेत."

बाकी मराठी त्या माणसाला कळली नसेल, पण 'गाइड' कळलं. "देखो! बच्ची ख़ुद बोल रही है!" मग काय, तुम्हाला दरवाजाजवळच्या गाइड लोकांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. ही माझी मुलगी आहे, एवढं एक वाक्य तुम्ही ठामपणे म्हणाला असता तर सुटला असता. तुम्ही ते परत म्हटलं नाही. तासभर बसलात. मी देवळाच्या पायरीवर आईची वाट बघत रडत होते आणि तरी तुमच्याकडं गेले नाही. शेवटी आई आली, तिनं तिकडं जाऊन चार शब्द सुनावले आणि तुम्ही छत्री काखेत मारून परत आलात. माझ्यासमोर थोडं वाकलात, हात लांब करून रस्ता दाखवलात आणि म्हणालात, "चला मॅडम, पुढं हवेल्या बघायच्या ऱ्हायल्यात."

संध्याकाळी भोजनालयात दाल-बाटी-चुरमा आला. तुम्ही म्हणालात, "चहा लई झाला आज, पोट जड आहे," आणि आपलं ताट माझ्याकडं सरकवलंत. तेव्हा मला एवढंच कळलं की तुम्ही रागावलेले नाही.

पण ते 'मॅडम' काही सुटलं नाही. गावी आल्यावरही तुम्ही मला मॅडमच म्हणत राहिलात. मॅडम, पाणी आणा. मॅडमचा निकाल लागला का? मी शिक्षिका झाले, भूगोल शिकवायला लागले, शाळेतले सगळे मॅडम म्हणायला लागले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आम्ही कधीपासून म्हणतोय!" सगळे हसले. मला मात्र प्रत्येक मॅडम टोचायचं. मला वाटायचं, हा माणूस एका वाक्याची शिक्षा मला आयुष्यभर हसत हसत देतोय. त्यातून तुम्ही परत कधी कुठल्याच प्रवासाला निघाला नाहीत. लग्नानंतर मी किती म्हटलं, जावयानं किती म्हटलं. तुमचं आपलं "नको बाबा" ठरलेलं. मी मनाशी पक्कं धरून चालले की त्या दिवशी मी तुमचा प्रवासच संपवला. शेवटच्या आजारात तुम्ही म्हणालात, "मॅडम, उशी वर घ्या." मी उशी वर घेतली. तेव्हा विचारायला हवं होतं. माझी लेक जेमतेम रांगत होती, ती कॉटखाली शिरली, मी तिला ओढायला वाकले आणि ते राहिलंच.

ती लेक आता बावीसची आहे, पुण्यात नोकरीला लागलीय, आणि या दिवाळीत तिनंच तिकिटं काढली. "आई, तू लहानपणी गेली होतीस ना, चल परत." मी नको म्हणत होते. कारण सांगता येईना म्हणून गेले. गाव ओळखू येत नाही, अण्णा. प्रत्येक गच्चीवर हॉटेल, तोफेपाशी फोटोसाठी रांग, पोरी घागरे भाड्यानं घेऊन फोनसमोर नाचतायत. पण दगड तोच, ऊन तेच, आणि दरवाजाचं वळणही. आमच्या गटाला एक तरुण गाइड होता. त्याला फोन आला आणि तो बाजूला झाला. एका आजोबांनी मला सहज विचारलं, हा रस्ता असा वाकडा का आहे? शप्पथ सांगते, मी फक्त एवढंच सांगणार होते. मग दगड पिवळा का ते सांगितलं, मग तटावरचे गोळे दाखवले, आणि भानावर आले तेव्हा माझ्या हातातली पाण्याची बाटली उंच धरलेली होती आणि मी उलटी चालत होते. दहा-बारा लोक मागं. तो गाइड परत आला, मला धडकी भरली, तर तो हसून म्हणतो, "मैडम, आप ही बता दो, मैं चाय पी लेता हूँ."

लेक मात्र दहा पावलं लांब जाऊन उभी, कानात गाण्याचं यंत्र घालून. तिच्याजवळच्या एका मुलीनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "ये आपके साथ हैं?" आणि माझी लेक म्हणाली, "नहीं, मैं अकेली आई हूँ."

मी ते ऐकलं. अण्णा, लागलं. इथं बरगडीच्या खाली, स्पष्ट लागलं. पण तुम्हाला सांगू, ते किती वेळ टिकलं? बाटली या हातातून त्या हातात घेईपर्यंत. लगेच मला तिची दया आली, मग हसू आलं, मग तिच्याजवळ जायचं होतं पण तिची लाज काढायची नव्हती, आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी हात लांब केला आणि म्हणाले, "आइए मॅडम, आप पीछे रह गईं. मेरी आवाज़ पकड़ के आइए." ती लाल झाली. "आई, प्लीज!" म्हणाली आणि आली. आली, अण्णा. ती शिक्षा नव्हतीच. लेकरानं आपल्याला सोडलं तर त्याला परत यायला एक दार उघडं ठेवायचं, आणि ते दार थट्टेचं असलं की लेकराला मान खाली घालून यावं लागत नाही. चाळीस वर्षं मी त्या दाराला शिक्षा समजून बसले होते. तिथंच पायरीवर बसले आणि इतकं हलकं वाटलं की लेक घाबरून विचारायला लागली, चक्कर आली का?

परत आल्यावर उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी आईपुढं सगळं ओकून टाकलं. आता ती माझ्याकडंच असते, कानानं कमी पण बाकी खणखणीत. मी म्हटलं, माझ्यामुळं त्यांनी प्रवास सोडला. आई म्हणाली, "तुझ्यामुळं कशाला? दुसऱ्याच्या किल्ल्यावर तोंड बंद ठेवावं लागतं, ते मला नाय जमत म्हणायचे." मग म्हणाली, "अगं, ती गोष्ट तर त्यांनी दौलताबादच्या चहाच्या टपरीवर शंभरदा सांगितली. पोरीनं मला परमुलखात बिनलायसनचं कामाला लावलं म्हणून सगळ्यांना हसवायचे." मी हसले, रडले, दोन्ही केलं. मग आई सुपारी कातरता कातरता म्हणाली, "तेवढं त्या दिवशी जेवले नव्हते. पोटाचं निमित्त. मी इचारलं तर म्हणले, लागलं थोडं, उद्या बरं वाटंल. अन् वाटलं बी."

म्हणजे एक जेवण. मी धरून बसले होते अख्खं आयुष्य आणि तुमच्या बाजूला होतं एक जेवण. इतकं माफक निघालं याचा आनंद किती झाला ते तुम्हाला कळेल, म्हणून लिहायला बसले. हे कुणाला दाखवणार नाही, लेकीला तर नाहीच. शाळेच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत ठेवून देईन.

फक्त एक राहिलं. त्या संध्याकाळी तुम्ही ताट सरकवलंत तेव्हा त्यात सगळा चुरमा तसाच होता. तो मी खाल्ला, अण्णा. बोटानं ताट पुसून खाल्ला. आणि खरं सांगते, तो लई गोड लागला होता.