आमची प्रायव्हेट लिमिटेड

३ जानेवारी
ठरलं. कंपनी काढायची! ‘आणि ब्रदर्स’ हा बोर्ड उतरवायचा. या ‘ब्रदर्स’नं डोकं उठवलंय माझं. काल धाकटा गवंड्यांसमोर म्हणाला, दादा, तू ऑफिसातच बस, साइटवर लुडबुड करू नकोस. बांधकामाच्या या धंद्याला डोकं कोण पुरवतं? मी. हा काय करतो? दिवसभर उन्हात उभा राहतो. तेवढं तर खांबही करतो.
संकल्प : चिडायचं नाही. त्या माकडासमोर तर नाहीच नाही.

७ जानेवारी
सीएकडे गेलो. चिडलो. मेला प्रश्न फार विचारतो. पण एक गोष्ट लाखमोलाची सांगितली. कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळी व्यक्ती. ट्रक, मिक्सर, सेंटरिंगच्या प्लेटा, सगळं तिच्या नावावर. म्हणजे धाकट्याला हाकलला की जाताना एक घमेलंही नेता येणार नाही. मला ही व्यक्ती फारच आवडली.
शेअर्स : मी चाळीस टक्के, धाकटा चाळीस, बायको वीस. सीए विचारतो, मिसेसना विचारलंत का? हसू आलं. बायकोचे वीस म्हणजे माझेच. ती काय, ऑफिसात बिलं, फोन, पगार असलं किरकोळ बघते.

१९ फेब्रुवारी
कंपनी झाली. मी मॅनेजिंग डायरेक्टर. ते दोघं नुसते डायरेक्टर. बायकोला म्हटलं, सही कर, वाचत बसू नकोस. तरी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. संशयी स्वभाव, दुसरं काय!
साइटवर अंगठ्याचं मशीन बसवलं. उशीर झाला की अर्धा दिवस कट, सबबी बंद. नियम मीच लिहिला, सही करून मीच चिकटवला. उद्या धाकट्याला पकडतोच.

२० फेब्रुवारी
धाकटा माझ्याआधी हजर. मुद्दाम.

११ मार्च
कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटो. पाठीमागे नवी गॅलरी हवी. स्लॅब नुकताच ओतलेला, खाली टेकूंचं जंगल. असल्या फोटोत कंपनीची काय शोभा? म्हटलं, काढा टेकू. गवंडी म्हणतो, धाकटे मालक येईपर्यंत हात लावायचा नाही. धाकटा गेलेला सळया आणायला. मी विचारलं, मॅनेजिंग डायरेक्टर कोण? काढले मुकाट्यानं.
फोटो फक्कड आला.

१२ मार्च
गॅलरी वाकली. फोडावी लागणार. ज्यांचं घर बांधतोय त्या बाई घसा फोडून ओरडल्या. धाकटा त्यांच्याहून जास्त. म्हणे, कोणाचा तरी जीव गेला असता! मी शांतपणे समजावलं : सिमेंट वाईट, वाळू वाईट, आणि मुख्य म्हणजे धाकटा गैरहजर. बायको चकार शब्द बोलली नाही. माझ्याच बाजूची आहे.

१८ मार्च
हीच वेळ. सभेची नोटीस टाइप करायला दिली. विषय : निष्काळजीपणाबद्दल धाकट्याला काढणे. बायकोनं कागद आणला, म्हणाली, अहो, आणखी एक विषय घातलाय, वाचून सही करा. न वाचताच ठोकली. एमडी वाचत बसत नाही.

१६ एप्रिल
सभा. पहिला विषय. मी हात वर केला. एकटाच. बायकोला डोळ्यांनी खुणावलं. तिनं माझ्यापुढे माहितीपत्रक सरकवलं. फोटोत मी हसतोय, आणि पाठीमागे गॅलरी तेव्हाच पोटात वाकलेली. म्हणाली, त्या गॅलरीखाली गवंडी उभा होता. पडली असती तर त्याच्या घरी काय सांगितलं असतंत? मी म्हटलं, विषयाला धरून बोल.
दुसरा विषय : मला एमडीपदावरून काढणे. दोन हात वर. साठ टक्के! सख्खी बायको! म्हटलं, घरी ये, मग बघतो. म्हणाली, घरी नाही, जे काय ते मिटिंगमध्येच बोला.
मग मी ठणकावलं : हा चाललो, ट्रक आणि मिक्सर घेऊन. सीए खोकला. म्हणाला, साहेब, ते कंपनीचं आहे. वेगळी व्यक्ती.
शेवटी मला साइटवर ठेवायचं ठरलं. धाकट्याच्या हाताखाली. टेकू म्हणजे काय ते कळेपर्यंत, इति बायको.

१७ एप्रिल
संकल्प : कोणाशी बोलायचं नाही. साइटवर पोचलो, पण फाटकाबाहेरच थांबलो. सगळे आत गेल्यावर जाणार होतो, चारचौघांत शोभा नको म्हणून. गवंडी फाटकातून हलेना. शेवटी अंगठा लावला. मशीन ओरडलं, उशीर.
धाकट्यानं हेल्मेट आणून दिलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. कारण सांगायला लागलो. त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. म्हणाला, दादा, सबबी बंद. सही तुझीच आहे.
अर्धा दिवस कट.